मॉरिशसच्या बेटावर गोल्फ: अवघड रिसॉर्ट कोर्स पहिल्यांदा खेळताना

मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यावर त्रू दो दूस गावासमोर ईल ओ सेर्फ नावाचं छोटं बेट आहे. १९८५ आणि १९९३ साली मास्टर्स ही मोठी गोल्फ स्पर्धा जिंकलेल्या जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरने या बेटावर १८ होलचा, पार ७२ चा (म्हणजे निष्णात खेळाडूकडून ७२ फटक्यांची अपेक्षा असलेला) कोर्स आखला आणि २००३ मध्ये तो खुला झाला. तिथे होडीने जावं लागतं. एकीकडे लगूनचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राचं निळं पाणी, दुसरीकडे खारफुटी, मध्ये तळी आणि जमिनीतून वर आलेला काळा ज्वालामुखी खडक. कित्येक होलवर टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) फेअरवेपर्यंत (कापलेल्या गवताच्या पट्ट्यापर्यंत) मध्ये पाणीच असतं.

पुण्यात येरवड्याला किंवा नवी मुंबईत खारघरला वर्ष-दोन वर्षं खेळून ज्यांचा स्कोअर शंभर ते एकशेवीसच्या घरात आहे आणि जे आता सुट्टीत असा एक कोर्स खेळायचा म्हणतायत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशा कोर्सवर नवख्याचा दिवस कसा जाईल हे स्विंगपेक्षा निर्णयांवर ठरतं. कुठल्या टीवरून खेळायचं, कुठल्या बाजूला चेंडू गेला तर चालेल, कुठला फटका मारायचाच नाही, हे आधी ठरलेलं असेल तर त्याच स्विंगने खूप वेगळा खेळ होतो. स्विंग महिन्याभरात बदलत नाही, पण निर्णय उद्यापासून बदलता येतात.

कोर्स निवडताना

मॉरिशसमध्ये कोर्स भरपूर आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. ईल ओ सेर्फच्या जवळच, त्याच पूर्व किनाऱ्यावर, दक्षिण आफ्रिकेच्या अर्नी एल्सने आखलेला अनाहिता आहे. त्याचे फेअरवे रुंद आहेत, चेंडू थोडा वाकडा गेला तरी सापडतो. बेल मार इथला लेजंड हा झाडीतून जाणारा, अरुंद कोर्स आहे. त्याचा १७वा होल म्हणजे लगूनवरून मारायचा पार ३. दक्षिणेला बेल ओम्ब्रला हेरिटेज रिसॉर्टचे दोन कोर्स आहेत, पीटर मॅटकोविचने आखलेला शातो आणि त्याने गोल्फपटू लुई ऊस्टहेझनबरोबर आखलेला, २०२३ मध्ये खुला झालेला ला रिझर्व्ह. त्याच वर्षी मॉरिशस ओपन स्पर्धा ला रिझर्व्हवर झाली आणि ऊस्टहेझनने स्वतः आखलेल्या कोर्सवर ती जिंकली. उत्तरेला मों श्वाझी आणि पश्चिमेला तामारिना आहेत.

माझा सल्ला असा की, ईल ओ सेर्फ हा त्या प्रवासातला पहिला कोर्स ठेवू नका. एक फेरी अनाहितासारख्या मोकळ्या कोर्सवर खेळा, तिथल्या हवेची आणि गवताची सवय होऊ द्या आणि मग बेटावर जा. एकच फेरी खेळण्याइतका वेळ किंवा पैसा असेल, तर बेटाच्या आदल्या दिवशी निदान तासभर तिथल्याच एखाद्या रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) आणि चिपिंग ग्रीनवर (आखूड फटक्यांच्या सरावाच्या जागी) घालवा.

आरक्षणाच्या वेळी पैशांत काय काय येतं ते नीट विचारा. ग्रीन फी (खेळण्याचं शुल्क), बग्गी, होडी, रेंजचे चेंडू, भाड्याचे क्लब (खेळायच्या काठ्या) हे कधी एकत्र असतं, कधी वेगळं. काही हॉटेलांच्या पाहुण्यांना ग्रीन फी माफ किंवा सवलतीत असते, त्यामुळे हॉटेल ठरवण्याआधीच हा प्रश्न विचारला तर हिशेब बराच बदलतो. हॅंडिकॅपचा, म्हणजे पारपेक्षा तुम्हाला साधारण किती जास्त फटके लागतात त्याचा, दाखला मागतात का, तेही विचारा. तुमच्या गोल्फ क्लबकडून त्याची प्रत आधीच घेऊन ठेवा. २०२० पासून जगभर एकच हॅंडिकॅप पद्धत आहे, त्यामुळे भारतात मिळालेला हॅंडिकॅप इंडेक्स तिथेही चालतो.

महिना आणि वेळ

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २० अंशांवर आहे, म्हणून तिथले ऋतू आपल्या उलटे. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा. हवा सुखद असते, पण याच काळात आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात आणि त्यांचा पहिला मार पूर्व किनाऱ्यावर बसतो. नोव्हेंबरपासून उकाडा आणि दमटपणा वाढतो, आणि जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा मुख्य काळ. नवख्याला मी ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल-मे सुचवेन. जुलै-ऑगस्टमध्येच सुट्टी असेल तर जा, पण टीची वेळ सकाळची घ्या, कारण दिवस चढतो तसा किनाऱ्यावरचा वारा सहसा वाढत जातो.

सकाळच्या वेळेचा आणखी एक फायदा आहे. जून-जुलैत तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नवख्या चौघांची फेरी सहज साडेचार-पाच तासांची होते. त्यात होडीची वाट, तयारी, नाश्ता धरला तर दुपारी एकची टी म्हणजे शेवटचे होल अंधारात. होडी किती वाजता सुटते आणि परतीची शेवटची कधी, हे आरक्षणाच्या वेळीच लिहून घ्या. टीच्या वेळेच्या किमान सव्वा तास आधी बेटावर पोहोचाल असा बेत ठेवा.

सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेल्या मराठी कुटुंबांची पुढची पिढी हा सण मनापासून साजरा करते आणि पश्चिमेकडच्या कास्कावेल गावचा गणपती जुना आहे. त्या दिवसात तिथे असाल तर एक दिवस गोल्फ बाजूला ठेवा आणि विसर्जन बघा.

घरून निघण्याआधी: स्वतःचे आकडे

बॅग भरण्याच्या आधी करायचं हे काम आहे, आणि बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत. रेंजवर जा आणि प्रत्येक क्लबने तुमचा चेंडू हवेतून किती जातो ते बघा. घरंगळून कुठे थांबतो ते इथे कामाचं नाही, कारण पाण्यावर चेंडू घरंगळत नाही. दहा चेंडू मारा आणि दहापैकी सात वेळा जे अंतर पार होतं तेच तुमचं अंतर माना. एकदा ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारायच्या क्लबने) चेंडू दोनशेवीस यार्ड गेला होता, ही आठवण घरीच ठेवा. ड्रायव्हर, एक फेअरवे वूड किंवा हायब्रीड, ७ नंबरची आयर्न आणि पिचिंग वेज, एवढ्या चार क्लबांचे खरे आकडे एका चिठ्ठीवर लिहिले तरी पुरे.

चिठ्ठीवर ते आकडे मीटरमध्येही लिहा. आपल्याकडे यार्डांची सवय असते, परदेशात स्कोअर कार्डावर किंवा बग्गीच्या पडद्यावर मीटर असू शकतात. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड. हा १४ यार्डांचा फरक म्हणजे एका क्लबपेक्षा जास्त, आणि पाण्याच्या काठावर तेवढ्यात चेंडू बुडतो.

बॅगेबद्दल थोडक्यात. नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, पण नवख्याला नऊ-दहा पुरतात. विमानात गोल्फ बॅग कुठल्या सामानात धरतात आणि किती वजन चालतं ते तिकीट काढण्याआधी बघा. खर्च जास्त वाटला तर भाड्याचा संच घ्या, फक्त आपला पटर आणि वेज सोबत न्या. चेंडू किमान दीड डझन हवेत, साधे आणि स्वस्त. महागडा चेंडू हातात असला की पाण्याकडे बघून खांदे आवळतात. दोन-तीन हातमोजे, दोन पंचे, कॉलरचा शर्ट, जीन्सऐवजी साधी पॅंट किंवा नीटशी शॉर्ट, मऊ स्पाइकचे बूट आणि टोपी. दमट हवेत हातमोजा सहा होलमध्ये ओलाचिंब होतो, म्हणून एक हातात, एक बग्गीवर वाळत.

टी निवडणं हाच सर्वांत मोठा निर्णय

या भागावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. ईल ओ सेर्फ मागच्या टीवरून सुमारे सात हजार यार्डांचा आहे. ते अंतर व्यावसायिकांसाठी आहे. अमेरिकेतल्या गोल्फ संघटनांनी सर्वसामान्य खेळाडूंसाठी एक साधं कोष्टक दिलं आहे. ड्रायव्हर सरासरी २५० यार्ड जात असेल तर ६,२०० ते ६,४०० यार्डांचा कोर्स खेळा. २०० यार्ड जात असेल तर ५,२०० ते ५,४००. १७५ जात असेल तर ४,४०० ते ४,६००. याहून सोपा हिशेब म्हणजे ५ नंबरच्या आयर्नचं अंतर गुणिले ३६. ती १५० यार्ड जात असेल तर ५,४०० यार्ड.

आपल्याकडे पुढच्या टीला 'लेडीज टी' म्हणण्याची सवय आहे आणि त्यामुळे पुरुष तिथून खेळायला लाजतात. या लाजेला काहीही आधार नाही. टी वयाप्रमाणे किंवा स्त्री-पुरुष बघून ठरत नाही, अंतराप्रमाणे ठरते. पुढच्या टीवरून पाण्यावरचं अंतर कमी होतं, कधी पाणी वाटेतून पूर्ण निघूनच जातं. तुमच्या गटातला चांगला खेळाडू मागून खेळू दे, तुम्ही पुढून खेळा. बग्गी दोघांची एकच असली तरी काही बिघडत नाही.

कार्डावर प्रत्येक टीसमोर दोन आकडे असतात, कोर्स रेटिंग आणि स्लोप. रेटिंग म्हणजे निष्णात खेळाडूला त्या टीवरून साधारण किती फटके लागतील. स्लोप म्हणजे सामान्य खेळाडूला त्याच्या तुलनेत ती टी किती जड जाईल. स्लोप ५५ पासून १५५ पर्यंत असतो आणि ११३ हा मध्यम धरतात. तुमचा इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, आणि त्यात रेटिंग वजा पार मिळवलं की त्या टीवरचा तुमचा कोर्स हॅंडिकॅप येतो.

एक नमुन्याचं उदाहरण घ्या. इंडेक्स २८, पार ७२. पुढच्या टीचा स्लोप १२० आणि रेटिंग ६८ असेल तर हॅंडिकॅप येतो २६. मागच्या टीचा स्लोप १४० आणि रेटिंग ७४.५ असेल तर येतो ३७. एकाच माणसाला एकाच दिवशी ११ फटक्यांचा फरक. कोर्स अवघड आहे असं आपण म्हणतो, पण त्यातला बराच भाग आपण निवडलेल्या टीचा असतो.

पहिला होल सुरू होण्याआधी

बेटावर उतरलात की आधी प्रो शॉपमध्ये तीन गोष्टी विचारा: ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या भागावर) कोणतं गवत आहे, वारा आज कुठून आहे आणि स्थानिक नियम काय आहेत. मग कार्डाच्या कोपऱ्यात वाऱ्याच्या दिशेचा बाण काढा. बेटावरचे होल सगळ्या दिशांना वळतात, त्यामुळे चौथ्या होलवर मागून आलेला वारा सहाव्यावर तोंडावर येतो आणि माणूस गोंधळतो. बाण असला की नकाशा बघून लगेच कळतं.

आणखी एक फरक लक्षात घ्या. पुण्या-मुंबईत आपल्याला कॅडीची सवय असते. चेंडू तो शोधतो, अंतर तो सांगतो, ग्रीनचा उतार तोच दाखवतो. रिसॉर्ट कोर्सवर बग्गी असते, तिच्यावर अंतर दाखवणारा पडदाही असतो, पण कॅडी असेलच असं नाही. म्हणून जाण्याआधीच्या दोन-तीन फेऱ्यांमध्ये घरच्या कॅडीला विनंती करा की आज मी सांगतो, चुकलं तर तुम्ही सांगा. इतक्या वर्षांचा त्यांचा अनुभव असा उघडपणे मागितला तर ते आनंदाने देतात, आणि ग्रीन वाचायला यापेक्षा चांगला शिक्षक नाही.

सरावाला वीसेक चेंडू पुरेत. त्यातले शेवटचे पाच, पहिल्या टीवर जो क्लब वापरणार त्यानेच मारा. उरलेला वेळ पटिंग ग्रीनवर लांबचे पुट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचे फटके) मारण्यात घालवा, म्हणजे ग्रीनचा वेग हातात बसतो.

पाण्यावरून मारताना

टीवर उभं राहिलात की आधी एकच प्रश्न विचारा: पाणी पार करायला हवेतून किती अंतर लागतं? पडद्यावरून किंवा कार्डावरून तो आकडा घ्या. तुमच्या चिठ्ठीवरचा आकडा त्यापेक्षा निदान पंधरा-वीस यार्ड जास्त असेल तरच मारा. बरोबर तेवढाच असेल तर तो फटका तुमचा नाही.

बहुतेक होलवर पाणी तिरकं असतं. म्हणजे एका बाजूने पार करायचं अंतर १२० यार्ड, तर दुसऱ्या बाजूने २००. रचनाकार लांबची बाजू मोहक ठेवतात, कारण तिथून ग्रीन जवळ पडतं. नवख्याने नेहमी जवळची बाजू धरावी. ग्रीन थोडं लांब राहील, पण दुसरा फटका गवतावरून मारता येईल.

पार ३ वर मध्ये पाणी असेल तर झेंड्याकडे बघू नका. ग्रीनचा मध्य किंवा मागची कड धरा आणि वाटतो त्याहून एक क्लब जास्त घ्या. नवख्यांचे बहुतेक फटके आखूड पडतात, लांब जात नाहीत, आणि अशा होलवर पाणी पुढेच असतं. झेंडा पाण्याच्या काठाशी लावला असेल तर तो आपल्यासाठी नाही असं समजून चला. दोन पुटमध्ये संपवलं तर तो पार आहे.

पार ५ वर तीन फटक्यांत ग्रीनवर जायचा विचारही सोडून द्या. चार फटक्यांत पोहोचलात आणि दोन पुट घेतलेत की सहा. तुमच्या हॅंडिकॅपला तो उत्तम स्कोअर आहे. अडथळ्याच्या अलीकडे थांबायचं ठरवलं, तर खरोखर अलीकडे थांबा. पाण्याला वीस यार्ड ठेवून हायब्रीड मारण्यापेक्षा पन्नास यार्ड ठेवून ७ नंबर मारा. अर्धवट सावधपणात चेंडू हमखास बुडतो.

चेंडू गेला तर

चेंडू जाणारच आहेत, म्हणून नियम पक्के हवेत. लाल खुंट्यांच्या पेनल्टी एरियात (पाण्यासारख्या अडथळ्याच्या भागात) गेला, तर एका फटक्याच्या दंडाने तीन पर्याय मिळतात. जिथून मारला तिथूनच परत मारा. किंवा चेंडूने जिथे कड ओलांडली तो बिंदू आणि होल यांच्या रेषेत मागे हवं तितकं जाऊन टाका. किंवा कड ओलांडली तिथून दोन क्लबांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता टाका. पिवळ्या खुंट्या असतील तर हा तिसरा पर्याय मिळत नाही. चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. तो आत दिसतोय आणि मारता येतोय असं वाटलं तर दंडाशिवाय तसाच मारायची परवानगी आहे, तिथे क्लब जमिनीला टेकवलाही चालतो. पण ज्वालामुखी खडकावर टेकलेला चेंडू मारू नका. क्लब तर जातोच, मनगटही दुखावतं.

खुंटीचं टोक हिरवं असेल तर तो खेळण्यास बंदी असलेला भाग. तिथून चेंडू मारताच येत नाही, बाहेर येऊन टाकावा लागतो. खारफुटीत पाय घालू नका. आपल्या खाड्यांप्रमाणेच तिथेही माशांची पिल्लं त्या मुळांमध्ये वाढतात आणि किनाऱ्याची माती तीच धरून ठेवते. एका चेंडूसाठी ती तुडवायची नसते.

पांढऱ्या खुंट्या म्हणजे हद्दीबाहेर. तिथे गेला किंवा रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) हरवला तर नियमाने मागे जाऊन पुन्हा मारायचा. स्थानिक नियम परवानगी देत असेल तर दोन फटक्यांच्या दंडाने पुढेच, फेअरवेच्या कडेला टाकता येतो; म्हणूनच स्थानिक नियम आधी विचारायचे. शोधायला फक्त तीन मिनिटं मिळतात. शंका असेल तर टीवरूनच सोबत्यांना सांगून दुसरा, तात्पुरता चेंडू मारून ठेवा.

आणि एका होलवर मोजणी कुठे थांबवायची तेही ठरलेलं असू द्या. हॅंडिकॅपसाठी एका होलवर जास्तीत जास्त पार अधिक दोन, अधिक हॅंडिकॅपमुळे त्या होलवर तुम्हाला मिळणारे जादा फटके, एवढेच धरतात. पार ४ वर तुम्हाला एक फटका मिळत असेल तर सात झाल्यावर चेंडू उचला. मित्रांमध्ये खेळताना स्टेबलफोर्ड (प्रत्येक होलला गुण देण्याची पद्धत) ठेवा. एका बिघडलेल्या होलचं फक्त शून्य लागतं आणि पुढच्या टीवर कोऱ्या मनाने उभं राहता येतं.

वारा, गवत, वाळू

मॉरिशसच्या किनाऱ्यांवर सुरूची झाडं आहेत, आपल्या कोकण किनाऱ्यावर असतात तीच. वारा बघायचा तो त्यांच्या शेंड्यांवर. झाडांच्या आडोशाला असलेल्या टीवर हवा शांत वाटते, गवत उडवलं तर पायाशीच पडतं, आणि चेंडू झाडांच्या वर गेला की वारा त्याला उचलून नेतो. शेंडे आणि ग्रीनवरचा झेंडा, दोन्ही बघा. दोन्हींची दिशा वेगळी असेल तर शेंड्यांवर विश्वास ठेवा, कारण चेंडूचा बराच प्रवास तिथून होतो.

समोरून वारा असला की जोर लावायचा मोह होतो. जोराने चेंडूला फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि तिथेच मरतो. एक-दोन क्लब जास्त घ्या, मूठ थोडी खाली धरा, चेंडू पायांमध्ये किंचित मागे घ्या आणि तीन-चतुर्थांश स्विंग करा. मागून वारा असला तर तेवढा फायदा धरू नका; समोरचा वारा जितकं अंतर खातो तितकं मागचा देत नाही. आडव्या वाऱ्यात त्याच्याशी भांडायला जाऊ नका, लक्ष्य बाजूला सरकवा आणि वाऱ्याला चेंडू आणू द्या.

समुद्राकाठच्या उष्ण प्रदेशातल्या कोर्सवर पास्पलम नावाचं गवत बरेचदा लावतात, कारण ते खारं पाणी सहन करतं. त्यावर चेंडू वर बसतो, फेअरवेवरून मारायला छान. पण ग्रीनच्या कडेला आखूड चिप मारली तर पहिल्या टप्प्यालाच अडकते. म्हणून चेंडू जरा पुढे टाकायचा किंवा सरळ पटर वापरायचा. बर्म्युडा गवत असेल तर त्याच्या पात्यांना दिशा असते. ग्रीनकडे बघताना ते चकचकीत, फिकट दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकली आहेत, पुट वेगाने जाईल. गडद दिसलं तर उलट, जोर जास्त लागेल.

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) शिरताना पायाला वाळू कशी लागते ते बघा. कोरडी, भुसभुशीत असेल तर सॅंड वेजचं तोंड उघडं ठेवून चेंडूच्या दोन इंच मागे मारा आणि स्विंग पूर्ण करा. पावसाच्या सरीनंतर ती घट्ट होते, मग तोंड कमी उघडा, नाहीतर क्लब वाळूवरून उसळून चेंडूच्या मध्यावर बसतो. फटक्याआधी क्लब वाळूला टेकवायचा नाही. सुटं पान किंवा काटकी मात्र २०१९ पासून उचलता येते.

वेग, ऊन आणि सोबती

दोघंच असाल तर तुमच्यासोबत अनोळखी जोडी दिली जाण्याची शक्यता आहे. पहिल्या टीवरच सांगून टाका की आम्ही नवे आहोत, पुढच्या टीवरून खेळतो, पण वेळ घालवणार नाही. हे ऐकून कुणी नाराज होत नाही. लोक वैतागतात ते संथपणावर. तयार असेल त्याने आधी मारावं, बग्गीतून उतरताना दोन-तीन क्लब हातात घ्यावेत, आणि पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका व्हावा, असं नियमांचं पुस्तकच सुचवतं. मागच्या गटाला वाट द्यायची वेळ आली तर हसत द्या.

ग्रीनवर चेंडू पडून झालेला खड्डा दुरुस्त करणं, बंकरची वाळू सारखी करणं, उडालेल्या गवताच्या जागी बग्गीवरच्या बाटलीतली वाळू टाकणं ही कामं कॅडी नसेल तिथे आपलीच. पावसानंतर बग्गी फक्त रस्त्यावरच ठेवायला सांगतात. तेव्हा चालण्याचा वेळ धरा आणि चेंडूकडे जाताना पुरेसे क्लब न्या.

उन्हाबद्दल हयगय नको. समुद्राच्या वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी मान भाजून निघते. सनस्क्रीन होडीत बसण्याआधी लावा, नंतर हात नीट पुसा, नाहीतर पकड घसरते. दर दोन होलला पाणी, नवव्या होलनंतर मीठ-साखरेचं काहीतरी आणि एखादं केळं. चौदाव्या-पंधराव्या होलवर लक्ष विस्कटतं ते बहुधा स्विंगमुळे नाही, शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे. भोंगा वाजला, म्हणजे विजेचा धोका. फटका अर्धवट सोडून लगेच आडोसा गाठा, झाडाखाली थांबू नका. चक्रीवादळाचा इशारा मॉरिशसमध्ये एक ते चार अशा श्रेणींत देतात. श्रेणी वाढू लागली की होडी आणि कोर्स बंद होण्याची तयारी ठेवा आणि वाद न घालता हॉटेलात थांबा.

फेरी संपल्यावर कार्डावर सोबत्याची सही घ्या, मग किनाऱ्यावर परतून गावात गरम डोल पुरी खा. डाळ भरलेली ही पातळ पोळी मॉरिशसमध्ये जागोजागी मिळते. कार्ड फेकू नका. खेळलेल्या टीचा रंग, तिचं रेटिंग, स्लोप आणि प्रत्येक होलचा स्कोअर त्यावर स्पष्ट लिहा, फोनमध्ये त्याचा फोटो काढा आणि परत आल्यावर आपल्या क्लबच्या हॅंडिकॅप विभागात द्या. परदेशात नियमाने खेळलेली फेरीही इंडेक्ससाठी धरली जाते.